फिरत्या पट्ट्यांमागे जाणारा खेकड्याचा डोळा : मोजमापाची अचूक रीत

काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे नळकांडे खेकड्याभोवती सावकाश फिरवले, की त्याचे देठावरचे दोन्ही डोळे पट्ट्यांबरोबर हळूहळू सरकतात, काही अंशांनंतर उलट दिशेला झटकन परततात आणि पुन्हा पट्ट्यांमागे निघतात. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत हा प्रयोग सोपा समजून हाती घेतला जातो आणि निम्म्याहून अधिक वेळा फसतो. फसल्यावर दोष खेकड्यावर जातो : तो मरगळलेला आहे, घाबरलेला आहे, त्याला दिसतच नाही. माझ्या पाहण्यात मात्र खेकडा क्वचितच दोषी निघाला आहे. नळकांड्याच्या आत अशी एखादी वस्तू उरलेली असते जी फिरत नाही, आणि खेकडा तिच्याकडे पाहून डोळा स्थिर ठेवतो. त्याला जवळपास सर्व बाजूंचे एकाच वेळी दिसते, त्यामुळे आपल्याला नगण्य वाटणारी कड त्याच्या लेखी नगण्य नसते. खालील टप्प्यांचा क्रम म्हणूनच बदलू नये. विशेषतः नळकांडे रिकामे चालवून तपासल्याशिवाय खेकडा त्यात बसवू नये.

टप्पा १ : खेकडा निवडणे आणि रुळू देणे

आपल्या ओढ्या-नद्यांत मिळणारा गोड्या पाण्यातला खेकडा या कामाला चांगला आहे. त्याचे डोळ्यांचे देठ आखूड असून साधारण आडवे, बाजूंकडे पसरलेले असतात, त्यामुळे डोळा डावी-उजवीकडे वळला की वरून सरळ दिसतो. किनाऱ्यावरच्या चिखलातले एक मोठी नांगी मिरवणारे लहान खेकडे दिसायला मोहक असतात, पण त्यांचे लांब देठ उभे असतात. पट्टे आडवे फिरले की देठ स्वतःच्याच अक्षाभोवती वळतो आणि वरून पाहणाऱ्याला जवळजवळ काहीच हलल्यासारखे वाटत नाही. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. खाडीतली मोठी चिंबोरीही टाळावी, कारण तिची नांगी बोट गंभीर जखमी करू शकते.

कवचाची रुंदी ४ ते ६ सेंमी असलेला, दोन्ही डोळे शाबूत असलेला आणि कवच घट्ट असलेला खेकडा घ्यावा. कात टाकायच्या बेतातला किंवा नुकतीच कात टाकलेला, म्हणजे दाबल्यावर कवच लवते असा खेकडा घेऊ नये. पावसाळ्यात आठवडी बाजारातून आणताना पोटाखालची झडप उघडून पाहावी. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची मादी पिले तिथेच सांभाळते, आणि अशी मादी परत सोडावी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी येतो. पुढे दिलेली रीत इजा न करणारी आहे आणि ती तशीच ठेवावी.

प्रत्येक खेकड्याला वेगळी टोपली द्यावी, कारण एकत्र ठेवल्यास ते एकमेकांचे पाय तोडतात. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. ते दोन-तीन सेंमी खोल असावे आणि आडोशाला एखादा दगड असावा. किमान दोन दिवस तरी रुळू द्यावे.

तपासणी : डोळ्यासमोर बोट हलवल्यावर खेकडा डोळा खोबणीत मिटतो आणि थोड्या वेळाने दोन्ही डोळे सारखे बाहेर काढतो, असे दिसले पाहिजे. एकच डोळा बाहेर येत असेल तर तो खेकडा मोजमापासाठी घेऊ नये.

टप्पा २ : नळकांडे आणि पट्टे

आतील व्यास ३० सेंमी आणि उंची निदान ३० सेंमी असावी. खेकड्याचे डोळे बरोबर मध्यावर आणि निम्म्या उंचीवर आले, की भिंत त्याच्या नजरेच्या वर-खाली ४५ अंशांपर्यंत पसरते. आतील परीघ सुमारे ९४.२ सेंमी होतो. त्यावर १८ काळे आणि १८ पांढरे पट्टे बसवले, तर प्रत्येक पट्टा सुमारे २.६ सेंमी रुंदीचा म्हणजे केंद्रातून १० अंशांचा होतो. काळा-पांढरा मिळून एक आवर्तन २० अंशांचे असते. सुरुवातीला हेच माप ठेवावे.

‘पट्टे जितके बारीक तितके मोजमाप सूक्ष्म’ हा समज चुकीचा आहे. खेकड्याचा संयुक्त नेत्र अनेक नेत्रिकांचा, म्हणजे वेगवेगळ्या दिशेला रोखलेल्या बारीक दृष्टिघटकांचा बनलेला असतो आणि शेजारच्या दोन नेत्रिकांच्या दिशांमध्ये ठराविक कोन असतो. पट्ट्यांचे एक आवर्तन या कोनाच्या दुपटीपेक्षा लहान झाले, की डोळ्याला पट्टे नीट उलगडत नाहीत. प्रतिसाद नाहीसा होतो, किंवा दिशाही उलटी भासू शकते.

कागद आणि शाई दोन्ही चकाकी नसलेली हवीत. गुळगुळीत कागदावर दिव्याचा जो उजळ ठिपका पडतो तो नळकांडे फिरले तरी जागचा हलत नाही, म्हणजे आपणच आत एक स्थिर खूण तयार करून ठेवतो. छापील कागदांचे जोड एकमेकांवर न चढवता कडेला कड लावून चिकटवावेत. एक पट्टा जरी दीडपट रुंद झाला, तरी दर फेरीला आलेखात एक अडखळ उमटते.

सावधान : नळकांड्याऐवजी मोबाइल किंवा संगणकाचे पडदे भोवती उभे करण्याचा मोह अनेकांना होतो. एलसीडी पडद्याचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतात, आणि कवचधारी प्राण्यांपैकी अनेकांना प्रकाशाचे ध्रुवण जाणवते. शिवाय पडद्यांच्या चौकटी स्थिर असतात. हा मार्ग अनुभवी प्रयोगशाळांसाठी ठेवावा.

टप्पा ३ : गती आणि प्रकाश

नळकांडे मध्ये भोक असलेल्या फिरत्या पाटावर बसवावे. खेकड्याला धरून ठेवणारा खांब त्या भोकातून वर यावा आणि खालच्या टेबलाला घट्ट असावा. खांबाचा पाटाला किंवा नळकांड्याला कुठेही स्पर्श होऊ नये. मोटर वेगळ्या टेबलावर ठेवून बेल्टने जोडणे उत्तम, कारण खेकड्याला पायांतून कंप लगेच कळतो.

मिनिटाला एक फेरी म्हणजे सेकंदाला ६ अंश. ही मधली गती समजून १.५, ३, ६ आणि १२ अंश प्रतिसेकंद अशा चार गती आखाव्यात. स्टेपर मोटर वापरत असल्यास एक गोष्ट नक्की तपासावी : फेरीला २०० पावले टाकणारी मोटर प्रत्येक पावलाला १.८ अंशांनी उडी मारते. ती थेट जोडली तर खेकड्याला सलग गतीऐवजी धक्क्यांची मालिका दिसते. पावलाचे १६ भाग करणारे चालक-मंडल (ड्रायव्हर) वापरले, की एक उडी सुमारे ०.११ अंशाची उरते. जोडीला बेल्टने गती उतरवली तर आणखी बरे.

प्रकाश वरून, चारही बाजूंनी सारखा आणि पसरट हवा. एकाच बाजूला दिवा असेल तर भिंतीची एक बाजू कायम उजळ आणि दुसरी कायम अंधारी राहते. पट्टे फिरतात पण हा उतार फिरत नाही. घरगुती विजेवरचे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चित्रफितीत आडवे पट्टे उमटवतात, म्हणून एलईडीची वर्तुळाकार माळ बॅटरीवर चालवावी.

खिडकी बंद करावी, हे केवळ काटेकोरपणापोटी सांगत नाही. कार्सिनस या युरोपीय किनाऱ्यावरच्या खेकड्याचा डोळा आकाशातल्या सूर्यामागेही जातो, असे जी. ए. हॉरिज यांनी १९६६ मध्ये दाखवले. सूर्य तासाला केवळ १५ अंश सरकतो. घड्याळाच्या तासकाट्याच्या निम्म्या वेगाने सरकणाऱ्या गोष्टीची दखल घेणारा डोळा टेबलावरच्या उन्हाच्या कवडशाकडे दुर्लक्ष करील, अशी आशा धरू नये.

टप्पा ४ : रिकामी चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. वर पांढऱ्या पुठ्ठ्याचे छत आणि खाली पांढऱ्या कागदाची जमीन लावावी. दोन्हींवर रेघ, डाग, सावली नको. छताच्या बरोबर मध्यभागी कॅमेऱ्यापुरते भोक ठेवावे. भिंग फिरण्याच्या अक्षावरच आले, तर त्याच्या काळ्या वर्तुळाकडून डाव्या-उजव्या फिरण्याचा फारसा सुगावा खेकड्याला लागत नाही. भिंग बाजूला सरकले, की तीच एक ठळक स्थिर खूण ठरते.

मग खेकड्याच्या जागी मोबाइल ठेवून, नळकांडे फिरते ठेवत, चहूबाजूंची चित्रफीत घ्यावी आणि ती शांतपणे पाहावी. जे काही जागचे हलत नाही त्याची यादी करावी आणि एकेक गोष्ट काढावी, झाकावी किंवा पांढरी करावी. एकदा आमच्याकडे सलग दोन दिवस एकही खेकडा पट्ट्यांमागे जाईना. अशी चित्रफीत घेतल्यावर दिसले, की नळकांड्याच्या खालच्या फटीतून समोर बसून नोंदी करणाऱ्या विद्यार्थ्याचा पांढरा एप्रन आणि त्यामागची काळी पाटी स्पष्ट दिसत होती. फट झाकल्यावर त्याच खेकड्यांनी दहा मिनिटांत प्रतिसाद दिला.

तपासणी : ठरवलेल्या प्रत्येक गतीला तीन फेऱ्यांचा वेळ घड्याळाने मोजावा. ६ अंश प्रतिसेकंदाला तीन फेऱ्यांना १८० सेकंद लागले पाहिजेत. मोटरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये.

टप्पा ५ : खेकडा बसवणे

प्रथम नांग्या मऊ सुतळीने मिटलेल्या स्थितीत बांधाव्यात. मासळीबाजारात बांधतात तशाच, पण पायांचे सांधे मोकळे ठेवून. पाठीच्या कवचाचा मागचा मधला भाग टिपकागदाने पूर्ण कोरडा करावा आणि तिथे झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या एका थेंबाने हलका लहान नट चिकटवावा. ओल्या कवचावर गोंद धरत नाही, आणि मग आणखी गोंद ओतला जातो. तो ओघळून सांध्यात गेला तर खेकडा वाया जातो. कवचाच्या मागच्या कडेपासून नट दूर असावा, कारण कात टाकताना कवच तिथेच उकलते. डोळ्यांच्या खोबणीजवळ गोंद न्यायचाच नाही.

नटात सुमारे ३ मिमी जाडीची, चकाकी नसलेला पांढरा रंग दिलेली सळी बसवावी. ती मागून यावी आणि खांबाला जोडलेली असावी. खेकड्याचे शरीर त्याच्या नेहमीच्या उभे राहण्याच्या कलाने ठेवावे, पुढे झुकलेले किंवा मागे रेललेले नको. लघुशृंगिकांच्या, म्हणजे डोक्यावरच्या आखूड मिशांच्या, तळाशी असलेल्या संतुलनपुटी (तोल ओळखणाऱ्या पिशव्या) शरीराचा कल ओळखून डोळ्यांची बैठक बदलतात. तिरका खेकडा डोळे आधीच एका टोकाला ओढून बसतो आणि मग त्याला फिरवायला जागाच उरत नाही.

पाय अधांतरी लोंबले की खेकडा धडपडतो. पायांत थर्मोकोलचा हलका गोळा दिला तर तो त्यालाच धरून शांत होतो. गोळा पांढरा असावा आणि खेकडा चालू लागल्यास त्याच्या पायांखाली तो मोकळेपणाने फिरावा. कल्ल्यांसाठी पोटाच्या बाजूला ओला कापूस लावावा आणि एका वेळी २० मिनिटांपेक्षा जास्त काळ बांधून ठेवू नये.

सावधान : नळकांडे स्थिर ठेवून खेकडाच फिरवला तरी डोळे उलट दिशेला जातात आणि आलेख अगदी तसाच दिसतो. तो दृष्टीचा निखळ प्रतिसाद नव्हे. पुरेशा वेगाने फिरवल्यास संतुलनपुटींमुळे तो पूर्ण अंधारातही मिळतो.

टप्पा ६ : खुणा आणि चित्रण

दोन खुणा लागतात आणि दुसरी हमखास विसरली जाते. पहिली खूण डोळ्याच्या देठावर, पारदर्शक भागाला न लागता : सुमारे १० मिमी लांबीचा ब्रशचा बारीक केस देठावर आडवा चिकटवला, की तो काट्यासारखा काम करतो आणि लहान कोनही वाचता येतो. खेकडा तोंडाजवळच्या उपांगांनी डोळे पुसतो, म्हणून केस फार लांब ठेवू नये. दुसरी खूण पाठीच्या कवचावर, मध्यरेषेत दोन ठिपक्यांची. डोळ्याचा कोन याच रेषेपासून मोजायचा असतो. सळी किंचित वळली आणि ही रेषा नसली, तर शरीराचे वळणे डोळ्याच्या खात्यावर जमा होते. एका वर्षी मी स्वतः दहा खेकड्यांच्या नोंदी याच कारणाने टाकून दिल्या.

चौकटीच्या कडेला एक-दोन पट्टेही दिसतील अशी मांडणी ठेवावी, म्हणजे पट्ट्यांची आणि डोळ्याची गती एकाच चित्रफितीतून मिळते. मोबाइल अनेकदा प्रकाशानुसार सेकंदाची चित्रसंख्या गुपचूप बदलतो. ती संख्या, फोकस आणि उजेड तिन्ही कुलूपबंद करावेत. संथ हालचालीला सेकंदाला ३० चित्रे पुरतात, झटका नीट मोजायचा असेल तर १२० किंवा २४० हवीत. सेल्फीचा कॅमेरा वापरू नये, त्यात डावे-उजवे उलटण्याचा धोका असतो.

तपासणी : एक स्थिर चित्र घेऊन तोच कोन दहा वेळा मोजावा. मोजणीतला फरक अर्ध्या अंशाहून मोठा आला, तर कॅमेरा जवळ घ्यावा किंवा अधिक बारीक चित्रण करावे.

टप्पा ७ : प्रत्यक्ष फेऱ्या

खेकडा बसवल्यावर सगळे झाकून पाच मिनिटे काहीही करू नये. नंतरचा क्रम असा :

१. पट्टे स्थिर, दोन मिनिटे. डोळा आपणहून किती सरकतो ते यातून कळते.
२. पट्टे घड्याळाच्या दिशेने, दोन मिनिटे.
३. पट्टे स्थिर, एक मिनिट.
४. पट्टे उलट दिशेने, दोन मिनिटे.

एका बैठकीत दोन गतींहून अधिक घेऊ नयेत. गतींचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि शेवटच्या बैठकीत पहिली गती पुन्हा घ्यावी. उत्तर बरेच खाली आले असेल तर खेकडा थकला आहे किंवा सरावला आहे. पट्ट्यांऐवजी कोरा करडा कागद लावून मोटर चालवण्याची एक फेरी सक्तीची समजावी. या फेरीतही डोळा एका दिशेला सरकत राहिला, तर तो कंपाला, आवाजाला किंवा उजेडातल्या फरकाला प्रतिसाद देत आहे आणि आधीच्या नोंदींना अर्थ उरत नाही.

एक डोळा झाकून पाहायचा असल्यास काळ्या कागदाची लहान टोपी बाहेरून, डोळ्याला न टेकता धरावी. नखांचा रंग डोळ्यावर लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. झाकलेला डोळाही उघड्या डोळ्याबरोबर हलताना दिसला तर टोपीतून दिसते आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये; खेकड्याचे दोन डोळे मज्जासंस्थेत एकमेकांशी जोडलेले असतात.

टप्पा ८ : आकडे काढणे

चित्रफितीतून डोळ्याचा कोन आणि वेळ यांचा आलेख काढावा. इमेजजे किंवा ट्रॅकर ही मोफत साधने पुरेशी आहेत. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो : लांब तिरकी चढण म्हणजे संथ टप्पा आणि जवळजवळ उभी उतरण म्हणजे झटका. पट्ट्यांमागे जाणे हे चढणीत आहे. झटका ठळक दिसतो म्हणून त्याचीच दिशा ‘प्रतिसादाची दिशा’ म्हणून लिहिली जाते, आणि सगळा निष्कर्ष उलटा होतो.

प्रत्येक संथ टप्प्याचा उतार वेगळा काढावा आणि मग त्यांची सरासरी घ्यावी. पूर्ण दोन मिनिटांना एकच सरळ रेषा बसवू नये. झटके डोळ्याला मागे आणत राहतात, त्यामुळे त्या रेषेचा उतार शून्याजवळ येतो आणि खेकड्याने काहीच केले नाही असे वाटते. स्थिर पट्ट्यांच्या वेळी डोळा आपणहून सरकत असल्यास तो वेग वजा करावा.

समजा पट्टे ६ अंश प्रतिसेकंद आणि डोळा ४.२ अंश प्रतिसेकंद गेला. डोळ्याच्या वेगाचे पट्ट्यांच्या वेगाशी गुणोत्तर ०.७ आले आणि वेगातली तूट १.८ अंश प्रतिसेकंद राहिली. गुणोत्तर एकापेक्षा कमी येणे ही चूक नव्हे. डोळा पट्ट्यांच्या थोडा मागे राहतो म्हणूनच त्याच्यावर पट्टे सरकत राहतात आणि त्याला ओढण्याचा संदेश मिळत राहतो. डोळ्याच्या वेगाला तुटीने भागले, तर ४.२ भागिले १.८ म्हणजे सुमारे २.३ मिळतात : डोळ्यावर सरकणाऱ्या प्रत्येक अंशाला यंत्रणेने किती जोर लावला, ते हा आकडा सांगतो. दोन खेकड्यांची तुलना करताना मी तोच वापरतो, कारण गुणोत्तर एकाजवळ पोहोचले की फरक दडून जातात. मात्र त्याच कारणाने गुणोत्तर ०.९ च्या पुढे गेल्यास मोजणीतली किरकोळ चूकही या आकड्याला दुप्पट करते. तिथे फार दशांश लिहू नयेत.

तपासणी : गुणोत्तर एकाहून मोठे आले, तर आधी पट्ट्यांची गती पुन्हा मोजावी आणि नंतर शरीराची मध्यरेषा वळली का ते पाहावे. दर मिनिटाला नेमकी एक अडखळ दिसत असेल आणि गती ६ अंश प्रतिसेकंद असेल, तर कागदाचा जोड तपासावा. डावीकडचे आणि उजवीकडचे आकडे सतत असमान येत असतील, तर खेकडा नळकांड्याच्या केंद्रात नाही, तिरका बसला आहे किंवा प्रकाश एकांगी आहे, या तीन शक्यता याच क्रमाने पडताळाव्यात.

टप्पा ९ : खेकडा सोडणे

सळीचा स्क्रू सोडवावा, केस बारीक कात्रीने मुळाजवळ कापावा आणि खेकड्याला पाण्यात ठेवून मग नांग्यांची सुतळी लांबून कापावी. नट ओढून काढू नये, कारण त्याबरोबर कवचाचा टवका निघतो. नट हलका असेल तर तसाच राहू द्यावा. पुढची कात टाकताना तो जुन्या कवचाबरोबर निघून जातो. एक दिवस निरीक्षणाखाली ठेवून, खाणे सुरू झाल्याची खात्री करून, खेकडा ज्या ओढ्यातून आणला त्याच ओढ्यात संध्याकाळी सोडावा. बाजारातून आणलेला, ठिकाण माहीत नसलेला खेकडा मात्र कुठल्याही ओढ्यात सोडू नये. तो प्रयोगशाळेतच सांभाळावा.